नाशिकच्या वाइनरीपासून ७० किलोमीटरवर, पण वेगळ्याच जगात. भंडारदऱ्याच्या गावांत जाताना काय माहीत हवे?

शनिवारी दुपारी नाशिकच्या गंगापूर धरणाजवळ वाइन टेस्टिंग, रात्री भंडारदऱ्याच्या काठावर तंबूत मुक्काम आणि रविवारी सकाळी सांदण दरी. मुंबई-पुण्यातून निघणाऱ्या वीकेंड सहलींचा हा साचा आता ठरून गेला आहे. सहलींच्या जाहिरातींत दोन्ही ठिकाणे एका दमात येतात. द्राक्षबागांच्या पट्ट्यातले निवांत खेडे, असे त्याचे वर्णन असते. नकाशावर पाहिले तर ते अगदीच चूक नाही. नाशिक ते भंडारदरा अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे, म्हणजे दीड-दोन तासांचा रस्ता.

पण घोटीला महामार्ग सोडून दक्षिणेकडे वळले की पाऊस बदलतो, पीक बदलते, घरांची छपरे बदलतात. आणि बहुतेक पर्यटकांच्या गावीही नसते अशी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे कायदा. नाशिक जिल्हा ओलांडून अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात शिरलेल्या माणसाला हे बदल कळले नाहीत, तर शांततेसाठी आलेला तोच माणूस गावाची शांतता घालवून परत जातो.

भंडारदरा म्हणजे नेमके कोणते गाव?

'भंडारदऱ्याला जाऊन आलो' असे सांगणारे बहुतेक जण प्रत्यक्षात शेंडीत राहिलेले असतात. धरणाजवळची बाजारपेठ शेंडीची. हॉटेले, एमटीडीसीचे रिसॉर्ट, वडापावच्या गाड्या, जीपवाले, सगळे या परिसरात. शनिवार-रविवारी इथे शांतता शोधणे म्हणजे दादर स्टेशनवर ध्यान लावण्यासारखे आहे.

खरी गावे जलाशयाच्या भोवती आहेत. शेंडीतून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल असे करत पुन्हा शेंडीला येणारा रस्ता ४० किलोमीटरच्या आसपास भरतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत. उत्तरेला कळसूबाईची रांग आहे. १,६४६ मीटर उंचीचे हे राज्यातील सर्वोच्च शिखर. त्याच्या पायथ्याचे बारी गाव घोटीहून येताना भंडारदऱ्याच्या आधीच लागते. पश्चिमेला घाटघरचा कडा थेट कोकणात उतरतो, साम्रदजवळ सांदणची अरुंद घळ आहे, तर रतनवाडीला रतनगडाच्या सावलीत अमृतेश्वराचे मंदिर आहे. शिलाहार काळातले मानले जाणारे हे मंदिर आणि शेजारची पुष्करणी पाहायला तासभर पुरतो. पण तिथे तासभर बसणारे थोडे, फोटो काढून पुढे सरकणारे जास्त.

या गावांत मुख्यत्वे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे. इथला माणूस आपल्या मुलखाला 'डांगाण' म्हणतो. 'लेक व्ह्यू' हा शब्द बाहेरून आला.

वाइनच्या इतक्या जवळ, मग इथे द्राक्षे का नाहीत?

कारण आकाशात आहे. नाशिकचा द्राक्षपट्टा सह्याद्रीच्या पाऊसछायेत येतो. दिंडोरी, निफाडकडे वर्षाला ६००-७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. घाटघर आणि रतनवाडीला अनेक वर्षी तो ५,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. घाटघरला 'नगर जिल्ह्याची चेरापुंजी' म्हणतात ते उगाच नाही. याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके दुष्काळासाठी ओळखले जातात, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते.

द्राक्षवेलीला पाणी लागते, पण पानावर साचून राहणारे नको असते. सतत ओल राहिली की डाऊनी आलाच. म्हणून नाशिकचा बागायतदार वर्षात दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. मग पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, तिच्यातून फळ येते. फळाचे सगळे दिवस कोरड्या थंडीत जावेत, असा हा हिशेब आहे. वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. युरोपात हीच तोडणी उन्हाळ्याअखेर, सप्टेंबरच्या सुमारास होते. त्यामुळे तिकडची वेळापत्रके पाहून ऑक्टोबरात नाशिकला 'हार्वेस्ट' बघायला येणाऱ्याला नुकत्याच छाटलेल्या काड्या दिसतात.

राजीव सामंत यांनी सुरू केलेल्या 'सुला'ची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, उत्पादन शुल्कात सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क उभे राहिले. पुढे हा पट्टा दक्षिणेकडे इगतपुरी तालुक्यातही सरकला. सांजेगावच्या परिसरात 'ग्रोव्हर झम्पा' आणि 'व्हॅलोन' यांच्या वाइनरी आहेत. द्राक्षांचा पट्टा भंडारदऱ्याच्या सर्वांत जवळ येतो तो इथे. त्याच्या पुढे पावसाची रेषा आहे आणि ती रेषा कोणतेही धोरण ओलांडू शकत नाही.

रेषेच्या अलीकडे भाताचे राज्य आहे. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर त्यात रोपे टाकायची आणि जुलैत चिखल करून आवणी. डोंगरउतारावर नागली, वरई. पावसाळा संपताना खुरासणी फुलते आणि उतार पिवळे होतात. इंस्टाग्रामवर या फुलांना 'वाइल्ड फ्लॉवर्स' म्हटले जाते. प्रत्यक्षात ते कोणाच्या तरी वर्षाच्या तेलाचे आणि चटणीचे पीक असते. फोटोसाठी त्यात शिरणे म्हणजे उभ्या गव्हात लोळणे. नांगराला डांगी बैल, कारण मुसळधार पावसात आणि चिखलात तोच टिकतो. जवळच्या राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, ते पाहण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करावी.

बियाण्यांचीही इथे स्वतंत्र दुनिया आहे. काळभात, रायभोग, आंबेमोहोर ही नावे शहरात दुकानाच्या पाटीवर दिसतात, इथे ती कणगीत असतात. अकोले तालुक्यातीलच कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. बायफ संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वाइन टेस्टिंगमध्ये चार पेल्यांतला फरक ओळखायला शिकलेल्या पाहुण्याने इथे चार भातांतला फरक चाखून पाहावा. त्याला पेल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, इतकेच.

समोर अथांग पाणी, मग गावात टंचाई कशी?

पर्यटकाला सर्वांत उशिरा कळणारी गोष्ट हीच. प्रवरा नदीवरच्या भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, म्हणून ते 'विल्सन डॅम'. जलाशयाचे जुने नाव 'आर्थर लेक'. सुमारे २७० फूट उंचीचे हे दगडी धरण त्या काळी देशातील सर्वांत उंच धरणांपैकी एक होते. त्याची साठवण क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे ३१ हजार कोटी लिटर.

हे पाणी इथल्यासाठी साठवलेले नव्हते. ते खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या काळ्या जमिनीसाठी होते. प्रवरेच्या कालव्यांनी तिथे ऊस आणला, आणि त्या उसाच्या जोरावर विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. महाराष्ट्राच्या सहकाराचा इतिहास ज्या पाण्यावर लिहिला गेला, ते पाणी रतनगडाच्या कुशीतून येते. त्यासाठी खोऱ्यातली सपाट जमीन पाण्याखाली गेली, आणि वर उरले ते उतार.

खालच्या बाजूच्या निळवंडे धरणाची कथा आणखी लांबलेली. १९७० मध्ये मांडलेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. लाभक्षेत्रात १८२ गावे आहेत. त्यातही मुख्य भर खालच्या, दुष्काळी भागावर.

वरच्या वाड्यांत मात्र मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. यात गूढ काही नाही. बेसॉल्टचा कातळ, तीव्र उतार आणि त्यावर मातीचा पातळ थर. चार महिने कोसळलेला पाऊस जमिनीत मुरत नाही, वाहून धरणात जातो. धरण खाली, वाडी वर, आणि मधे उपसा करणारी योजना नसेल तर डोक्यावरचा हंडा. म्हणून एप्रिल-मे महिन्यात गावात उतरलेल्या पाहुण्याने बादलीभर पाण्यात अंघोळ उरकणे हा साधेपणाचा देखावा नाही, साधा हिशेब आहे.

घाटघरची गंमत तर और आहे. तिथे २००८ पासून २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प चालतो. वर घाटघरला एक धरण, कड्याखाली ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत दुसरे, मधे सुमारे ४०० मीटरचा उतार. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरचे पाणी खाली सोडून वीज काढायची. मागणी कमी असते तेव्हा ग्रीडची वीज वापरून तेच पाणी पुन्हा वर चढवायचे. चढवायला लागणारी वीज मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच, पण गरजेच्या वेळी मिळते म्हणून परवडते. थोडक्यात, डोंगराएवढी बॅटरी. पाणी ४०० मीटर वर चढवण्याचे तंत्र ज्या गावाच्या शेजारी आहे, त्या परिसरातल्या वाड्या उन्हाळ्यात हंड्याची वाट पाहतात. हा प्रश्न तंत्राचा नसून कोणासाठी खर्च करायचा, याचा आहे.

कायदा वेगळा, म्हणजे काय?

अकोले तालुक्याचा हा पश्चिम भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. त्यामुळे इथे १९९६ चा 'पेसा' कायदा लागू आहे, आणि महाराष्ट्राचे त्यासंबंधीचे नियम २०१४ मध्ये आले. पर्यटकाच्या दृष्टीने त्यातल्या दोन बाबी महत्त्वाच्या आहेत.

पहिली बाटलीबाबत. पेसाच्या कलम ४ मध्ये मद्याची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा निर्बंध आणण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतींना दिलेला आहे. म्हणजे नाशिकमध्ये ज्या बाटलीला सरकारने उद्योग म्हणून सवलत दिली, त्याच बाटलीबद्दल ७० किलोमीटरवर गाव बसून 'इथे नको' म्हणू शकते. वाइनवरून याच जिल्ह्यात वाद झाल्याची आठवण ताजी आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने १,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला मान्यता दिली, तेव्हा राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव की गावात दारू, हा वाद त्या वेळी दोन्ही बाजूंनी रंगला. डांगाणातल्या बाईसाठी तो चर्चेचा विषय नाही. दारूने घर कसे बसते, हे तिने पाहिलेले असते. अशा गावाच्या ओट्यावर पाहुण्याने बाटली उघडली तर यजमान तोंडावर काही बोलणार नाही, पण ओशाळेल.

शिवाय घाटघर, साम्रद, रतनवाडी हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. जंगलात बाटल्या, शेकोटी, मोठा आवाज या गोष्टी गावाच्या मर्जीवरही सोडलेल्या नाहीत. आणि टेस्टिंग करून थेट गाडी हाकणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे. बारीच्या पुढच्या वळणांवर धुके असते, गुरे असतात आणि पोलिसांपेक्षा तीच जास्त धोक्याची.

दुसरी बाब जमिनीची. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय हस्तांतरित होऊ शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ हे संरक्षण देते आणि ते भाडेपट्ट्यालाही लागू आहे. शिवाय जलाशयाच्या काठाची, पाणी चढले की बुडणारी पट्टी सरकारच्या ताब्यातली. त्यामुळे काठावर तंबूंची रांग दिसली की विचारण्याजोगा प्रश्न एकच: ही जागा कोणाची आणि व्यवहार कागदावर आहे की तोंडी? तोंडी व्यवहारात गावकऱ्याला काय मिळेल, ते समोरच्याच्या मनावर असते.

काजव्यांचे काय चालले आहे?

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, वळवाचा पाऊस पडून गेला की भंडारदऱ्यात काजवे चमकतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे रात्री लुकलुकू लागतात आणि शेकडो नर एका तालात उजळतात, विझतात. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचे रसायन असते, ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि प्रकाश पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच. बल्ब बनवणाऱ्यांना हेवा वाटावा अशी कार्यक्षमता.

पण हा देखावा पाहुण्यांसाठी नसतो. तो लग्नाचा बाजार आहे. नर चमकून निरोप पाठवतो, मादी पाहून उत्तर देते. काजव्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात, ओलसर मातीत गोगलगायी खात जातो. पंख फुटल्यावर हाती उरतात ते जेमतेम दोन-तीन आठवडे. त्या काळात झाडासमोर मोटारीचे हेडलाइट सुरू राहिले, मोबाइलचे टॉर्च फिरले, तर निरोप पोहोचत नाही. जोडी जमली नाही तर अंडी नाहीत, आणि त्याचा परिणाम त्या रात्री कोणालाच दिसत नाही. तो पुढच्या हंगामात दिसतो. झाडाखालचे गवत तुडवले तर त्यात बसलेल्या माद्या आणि मातीतली अंडीही जातात.

गर्दी वाढण्यात फोटोंचा वाटा मोठा आहे. व्हायरल झालेल्या फोटोत सगळे रान सोनेरी ठिपक्यांनी भरलेले असते. तो एका क्षणाचा फोटो नसतो. कॅमेरा तिवईवर ठेवून अर्धा-एक तास काढलेली अनेक चित्रे संगणकावर एकावर एक रचलेली असतात. ते पाहून आलेला माणूस समोरचे झाड पाहून म्हणतो, 'एवढेच?' मग आणखी चांगल्या झाडाच्या शोधात गाड्या पुढे सरकतात, आणखी हेडलाइट. फोनने चांगला फोटो निघण्याची शक्यता तशी कमीच. स्क्रीन विझवून, गाडी लांब उभी करून, २० मिनिटे अंधारात नुसते उभे राहिले तर डोळे सरावतात आणि जे दिसते ते त्या रचलेल्या फोटोत मावत नाही, कारण त्यात ताल असतो.

वनविभाग हंगामात प्रवेशशुल्क आणि वेळेचे निर्बंध ठरवतो. ते दरवर्षी तेच राहतील असे नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या वर्षीची सूचना पाहावी. आणि शनिवार टाळावा. हंगामातल्या मंगळवारी तीच झाडे, तेच काजवे आणि दशांशाने गर्दी असते.

पाहुण्याचा पैसा गावात राहतो का?

एक सरळ साखळी पाहू. शहरातला आयोजक ऑनलाइन पॅकेज विकतो. त्यात बस, तंबू, बार्बेक्यू, डीजे. कोंबडी घोटीतून येते, पाण्याच्या बाटल्या, प्लेट्स शहरातून. गावाच्या वाट्याला येते ते जागेचे भाडे, स्वयंपाकाच्या दोन बायांची मजुरी, वाट दाखवणाऱ्या पोराचे पैसे आणि सोमवारी सकाळी उचलायचा कचरा. रोजगार आहे, हे नाकारता येणार नाही. या भागातून हंगामी कामासाठी नारायणगाव, जुन्नरकडे भाजीपाल्याच्या आणि बागांच्या मजुरीवर कुटुंबे जातात, तिथे वीकेंडचा रोजगारही मोलाचा. वाइनपट्ट्यातल्या पाहुण्याला जी 'शांतता' जाणवते, तिचा एक भाग हाही असतो: गावातली तरणी माणसे कामाला बाहेर गेलेली असतात.

दुसरी पद्धत याच तालुक्यात आहे. राजूरच्या पुढे डोंगरात वसलेल्या पुरुषवाडीत 'ग्रासरूट्स' या संस्थेसोबत ग्रामस्थांनी सुमारे दोन दशकांपूर्वी ग्रामपर्यटन सुरू केले. तिथे पाहुणा गावाचा असतो, एकाच हॉटेलवाल्याचा नाही. जेवण कोणाच्या घरी, वाटाड्या कोण, मुक्काम कुठे, हे घराघरांत फिरते. काजव्यांच्या काळात तिथेही लोक मोठ्या संख्येने येतात, पण गावाने आखलेल्या वाटेवरून. या पद्धतीलाही मर्यादा आहेत. आरक्षण बाहेरून झाले तर संस्थेवर अवलंबून राहावे लागते, आणि पाहुणे हंगामातच येतात, शेतीच्या ऐन कामात. तरी काठावरच्या तंबूपेक्षा इथे एक फरक ठळक आहे. गावाला 'पुरे' म्हणता येते.

राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला आपल्या शेतावर पाहुणे ठेवायची रीतसर वाट करून दिली आहे. भंडारदऱ्याच्या गावांतही घरगुती मुक्कामाची सोय मिळते. फोन उचलणारा माणूस कोण, यावरून बरेच कळते. 'किती जण, भाकरी नागलीची चालेल का तांदळाची?' असे विचारणारा आवाज असेल तर तो घरातला. 'व्हेज-नॉनव्हेज दोन्ही अनलिमिटेड, डीजे दहापर्यंत' असे उत्तर आले तर गाव फक्त पार्श्वभूमीला आहे.

वाइन आणि गाव एकाच सहलीत हवे असेल तर?

त्यासाठी फेब्रुवारी बरा. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते, टाक्यांमध्ये रस आंबत असतो, बघण्यासारखे खरोखर काही असते. भंडारदऱ्यात तेव्हा धबधबे नसतात, रान पिवळे पडलेले असते, आणि म्हणूनच गर्दीही नसते. भात घरात आलेला असतो, लोकांना बोलायला सवड असते. ज्यांना हिरवाईच हवी त्यांनी ऑक्टोबरचा पूर्वार्ध निवडावा. वाइनरीत पाहायला फारसे काही नसेल, पण खुरासणी आणि ओंबीला आलेला भात एकाच वेळी दिसेल. भर जुलैत घाटघरला उभे राहिले तर दरी, कडा, कोकण यांपैकी काहीही दिसत नाही, फक्त पांढरा धूर. काहींना तेच आवडते. रंधा धबधबा आणि धरणाखालचा अम्ब्रेला फॉल यांचे रूप मात्र पावसापेक्षा धरणातून पाणी किती सोडले आहे यावर ठरते, त्यामुळे 'आज दिसेल का' हे शेंडीतच विचारावे.

क्रमही बदलून पाहावा. बहुतेक जण आधी वाइनरी, मग गाव असे करतात आणि गावात थकून, उशिरा, गाडीत बाटल्यांसह पोहोचतात. आधी दोन रात्री रतनवाडी किंवा साम्रदला काढून परतीच्या वाटेवर वाइनरी ठेवली, तर बाटल्या थेट घरी जातात आणि गावाचा प्रश्नच मिटतो. अर्थात नाशिकला शेवटी गेले, तर गाडी चालवणारा एक जण कोरडा राहायला हवा.

स्वतःची गाडी नसेल तर रेल्वेने कसारा किंवा इगतपुरी, तिथून घोटीमार्गे एसटी किंवा जीप. अकोले, संगमनेर, राजूरकडूनही एसटी येते. गावातल्या फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून परतीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवावी. इंधन घोटी किंवा राजूरला भरावे. शेंडी सोडली की मोबाइलची रेंज येते-जाते आणि यूपीआय ऐन वेळी फिरत राहते, तेव्हा सुट्टे पैसे जवळ हवेत. ऑफलाइन नकाशा उतरवून घ्यावा, पण रतनगड, सांदण किंवा कळसूबाईच्या वाटांवर त्याच्या भरवशावर जाऊ नये. गावातला वाटाड्या घ्यावा. सांदणमध्ये पावसाळ्यात उतरू नये, घळीत पाणी वाढते तेव्हा बाजूला चढायला जागा नसते.

निघताना किलो-दोन किलो काळभात, नागली किंवा खुरासणी मिळते का, ते ज्या घरी मुक्काम केला तिथेच विचारावे. असले तर देतात, नसले तर शेजारच्या घरी हाक मारतात. भावासाठी घासाघीस करणाऱ्याने त्याच खिशातून आदल्या दिवशी वाइनच्या एका बाटलीसाठी किती मोजले, ते आठवून पाहावे. तांदूळ पहिल्यांदा शिजवताना पाणी थोडे कमी घालावे, असे त्या घरातली बाई सांगेल. ते लिहून घ्यावे, कारण पाकिटावर ते छापलेले नसते. पाकीटच नसते.